बारा महिन्यांची नजर

‘या नाताळला मला तुझी नजर दे,’ एवढंच एस्तेरने चिठ्ठीवर लिहिलं होतं. वसुधाने ती वाचली, पुन्हा घडी घातली आणि विचारलं, “एक डोळा की दोन्ही?”

“दोन्ही. आणि चष्म्यासकट.”

एस्तेर रणनवरे आणि वसुधा पाध्ये यांची मैत्री कॉलेजच्या वसतिगृहातली. तिथे नाताळच्या आठवड्यात मुली आपली इच्छा चिठ्ठीवर लिहून बिस्किटांच्या डब्यात टाकत. जिला जी चिठ्ठी येई, तिने ती इच्छा पुरी करायची. अट एकच होती, विकत मिळणारी वस्तू मागायची नाही. वसतिगृह सुटलं, डबाही कुठे गेला कोण जाणे, पण या दोघींनी चौतीस वर्षं चिठ्ठ्या चालू ठेवल्या. एका वर्षी वसुधाने ‘माझ्या तोंडी परीक्षेच्या दिवशी माझ्याऐवजी तू घाबर’ असं मागितलं होतं, आणि एस्तेर त्या दिवशी खरोखर सकाळपासून जेवली नव्हती. नवरा गेला त्या वर्षी एस्तेरने लिहिलं होतं, ‘महिनाभर रोज फोन कर आणि धीर देऊ नकोस.’

नजर मागणं मात्र आता थट्टेचं राहिलं नव्हतं. नजर खरोखर देता येत होती.

माणसाचा डोळा पानावरून सरकत जात नाही, तो उड्या मारतो. हात लांब करून अंगठा धरला तर त्याच्या नखाएवढाच भाग डोळ्याला एका वेळी स्वच्छ दिसतो. बाकीचं धूसर असतं. सेकंदाला तीन-चार उड्या मारून डोळा असे नखाएवढे तुकडे गोळा करतो आणि मेंदू त्यांचं सलग चित्र बनवतो. या उडीला शास्त्रज्ञ ‘झेप’ म्हणत. कुठे झेपावायचं, किती थांबायचं, कंटाळून कधी निघून जायचं, हे ज्याचं त्याचं वेगळं असतं, जशी चाल वेगळी असते. काही तास या झेपा टिपून घेतल्या की त्यांवरून एक गणिती प्रतिकृती बांधता येई. तिच्यापुढे कुठलंही नवं पान ठेवलं, तर तो माणूस ते कसं पाहील हे ती त्या माणसाशिवाय सांगे. या प्रतिकृतीचं नाव ‘नजरठसा’.

ठसा सगळ्यांचाच असे. फोन असो, बँकेचा स्क्रीन असो, तिकिटाचं यंत्र असो, समोर कोण उभं आहे ते ओळखून पान आपली मांडणी त्याच्या ठशाप्रमाणे बदलून घेई. याला ‘जुळवणी’ म्हणत. ज्याची नजर आधी उजवीकडे जाई, त्याला हवी ती गोष्ट उजवीकडे मिळे. माणसाची सवय बदलली की ठसाही रोज थोडा बदले, आणि त्यामागून पान बदले. कुणाला ते जाणवत नसे. आपण स्क्रीनवर काही शोधत होतो, ही गोष्ट लोक विसरून गेले होते.

एस्तेर शाळेत भरतकाम शिकवत असे. शाळेने तो विषय बंद केला, तेव्हा चौपन्नाव्या वर्षी तिने नगरच्या सावेडीतल्या एका वेब डिझाइनच्या वर्गात नाव घातलं. जुळवणी आली तरी मुळातलं पान कुणीतरी मांडावंच लागे. काय सांगायचं आणि कशानंतर काय, हे ठरवायला माणूस लागत असे. वर्गातली मुलं आपापली पानं ‘सरासरी ठशा’वर तपासून बघत.

“आता हा सरासरी म्हणजे कोण?” एस्तेर वसुधाला म्हणाली. “दहा लाख माणसं कालवून केलेला एक माणूस. त्याला ना भूक, ना घाई. केकचा फोटो दाखवला तर मेल्याच्या तोंडाला पाणी सुटत नाही. मला नाव-गाव असलेलं माणूस हवं.”

“तुझ्या फोनमध्ये तुझा स्वतःचा ठसा आहे की.”

“तो कंपनीच्या कुलपात. माझ्या हातात कोण देतंय? आणि स्वतःसाठीच पान करायचं तर शिकायचं काय? तुझ्याकडे यंत्र आहे, वसू. बसल्या बसल्या होईल.”

यंत्र होतं खरं. नगरबाहेरच्या एका संशोधन संस्थेत वसुधा नेत्रगती प्रयोगशाळेची प्रमुख होती. तिथे नजरेवरून मेंदूचा एक आजार ओळखत. मेंदूच्या देठाच्या वरच्या टोकाला काही पेशींचा पुंजका असतो, ‘खाली बघ’ हा हुकूम डोळ्यांना देणारा. या आजारात त्या पेशी आधी मंदावतात, मग मरतात. पुढे तोल जातो, घास गिळता येत नाही, बोलणं जातं. पाच-सात वर्षांत सगळं संपतं. अलीकडे त्यावर एक औषध निघालं होतं. त्याने आजार होता तिथेच थांबे. पण पेशी मंदावल्या आहेत आणि अजून मेलेल्या नाहीत, तेवढ्या सात-आठ महिन्यांतच ते द्यावं लागे. प्रयोगशाळेतले लोक त्याला ‘कोवळा काळ’ म्हणत.

“म्हणजे कणीक वाळायच्या आत लाटायची,” एस्तेर म्हणाली. प्रयोगशाळेतल्या खुर्चीत वसुधा डोक्याला पट्टा लावून बसली होती आणि तिच्या सांगण्यावरून एस्तेर यंत्राची बटणं दाबत होती.

“साधारण तसंच.”

“आणि ज्याला झालंय त्याला कळत नाही?”

“वाचताना अडखळायला लागतं, पायरी चुकते. मग तो तक्रार घेऊन येतो. डॉक्टर बोट वर-खाली करून बघतात, दोन मिनिटांचं काम. पण तक्रार घेऊन यायला हवं. हल्ली कोवळ्या काळातले फारसे येत नाहीत. पूर्वी वर्षाला चाळीस यायचे, गेल्या वर्षी सहा. आजारच कमी होत असेल. प्रयोगशाळा बंद करायची का, अशीही चर्चा आहे.”

“मग तू काय करशील?”

“तुझ्याकडे भरतकाम शिकेन. हलू नकोस, केबल ओढली जातेय.”

तीन तासांनी वसुधाने आपला ठसा एका लहानशा पट्टीवर उतरवला आणि प्रयोगशाळेतली नोंद पुसून टाकली. पट्टी एस्तेरच्या हातात देताना ती म्हणाली, “एक लक्षात ठेव. मला हे दाखवायचं नाही. कुठे बघितलं, काय सुटलं, काही सांगायचं नाही. आमच्याकडे नियमच आहे. ज्याने स्वतःची नजर चित्रात पाहिली, तो पुढे बघताना आपल्याच नजरेवर लक्ष ठेवायला लागतो. मग ठसा खोटा होतो.”

“साडी द्यायची आणि नेसलेली बघायची नाही?”

“नाही.”

“कठीण आहेस बाई.”

आणि वसुधा कठीण होतीच. आपल्या फोनवरची आणि कामाच्या स्क्रीनवरची जुळवणी तिने पहिल्या दिवसापासून बंद ठेवली होती. मोजमाप करणाऱ्या माणसाने सोयीसाठी वाकवलेली पट्टी वापरू नये, असं ती म्हणे.

जानेवारीत वर्गाचं खरं काम सुरू झालं. शिक्षिका निखत तांबोळी अठ्ठावीस वर्षांची होती आणि तिला उत्तरं लगेच लागत. पहिल्याच दिवशी तिने सगळ्यांना वहीच्या पहिल्या पानावर एक वाक्य लिहायला लावलं: बघणाऱ्याची चूक कधीच नसते. त्याला दिसलं नाही, याचा अर्थ तुम्ही दाखवलं नाही.

एस्तेरने ते हिरव्या शाईने लिहिलं आणि खाली रेघ मारली.

तिचं पहिलं पान भिंगारदिवेकाकांच्या बेकरीचं होतं. वर नाव, त्याखाली भट्टीचा फोटो, मग पाव, नानखटाई आणि केकची यादी, आणि तळाशी ‘मागणी नोंदवा’ हे बटण. सरासरी ठशाला ते बटण अडीच सेकंदांत सापडलं. वसुधाच्या ठशाला चार सेकंद लागले.

“काकू, तुमच्या बाईंना बटण दिसत नाहीये,” निखत म्हणाली.

“दिसलं की, चार सेकंदांनी.”

“चार सेकंदांत गिऱ्हाईक दुसऱ्या बेकरीत जातं.”

एस्तेरने बटण थोडं वर घेतलं. नजर लगेच पोहोचली. तिला फार आनंद झाला. भरतकामात टाका चुकला तर उसवावा लागतो आणि कापडावर भोकं राहतात, इथे काहीच राहत नव्हतं.

दर रविवारी उपासना संपली की वसुधा तिच्याकडे जेवायला येई. जेवणानंतर ती नोंदचष्मा लावून वीस मिनिटं काहीबाही वाचत बसे. या चष्म्यात बारीक कॅमेरे असत. त्यावरून एस्तेर दर महिन्याला ठसा ताजा करून घेई. निखतचा आग्रह होता की प्रत्येक महिन्याचा ठसा त्या जानेवारीतल्या पहिल्या पानावरही चालवायचा, म्हणजे आपण कुठून कुठे आलो ते कळतं. एस्तेर ते निगुतीने करी. फेब्रुवारीत पहिल्या पानावरचं बटण पाच सेकंदांनी सापडलं, मार्चमध्ये सात. एप्रिलमध्ये ठसा यादीपर्यंत आला आणि पान सोडून निघून गेला.

“मैत्रीण फार हट्टी दिसतेय तुमची,” निखत म्हणाली. “खाली बघतच नाही.”

“नाक वर आहे तिचं. कॉलेजपासून.”

दोघी हसल्या. एस्तेरने त्या महिन्यात यादी दोन रांगांत मांडली आणि बटण भट्टीच्या फोटोशेजारी आणलं. जानेवारीतलं पान किती कच्चं होतं, हे तिला दर महिन्याला अधिक पटत चाललं.

जूनच्या एका रविवारी वसुधाने आमटीची वाटी कलंडवली. साडी पुसत ती म्हणाली, “हल्ली डोळे फार दमतात गं. अहवाल वाचायला घेतला की अर्ध्या तासात मान आखडते. उद्या रजा टाकलीय, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे वेळ घेतलीय. नंबर वाढला असणार.”

तिने आजवर तीनशेहून जास्त रुग्णांची नजर मोजली होती. ते सगळे तिच्यासमोरच्या खुर्चीत बसलेले असत.

“ती जुळवणी का चालू करत नाहीस? सगळं जग करतं.”

“नाही म्हणजे नाही.”

“मग मी करून देते.” एस्तेर ताटावरून उठलीच. “यंत्राने नाही, माझ्या हाताने. तुझे अहवाल, पेपर, पत्रं, सगळं एकाच पानातून येईल. तुझी नजर माझ्याकडे आहे, मला माहितीये तुला काय रुचतं ते.”

“उद्या डॉक्टर आहेत माझे.”

“आधी हे वाचून तर बघ. चष्मे काय, कधीही करता येतात.”

दुपारभर एस्तेर बसली. तिने जे केलं ते वर्गात कुणी केलं नव्हतं. तिच्या पानावर मजकूर वरच्या तिसऱ्या भागातच राही. ओळ संपली की पुढची ओळ वर, त्याच जागी येई. वाचणाऱ्याच्या डोळ्याला खाली उतरावंच लागत नसे, अक्षरंच डोळ्यापर्यंत चढून येत. वसुधाने त्या पानातून एक तीस पानी अहवाल न थांबता वाचून काढला.

“एस्तू, हे अफाट आहे गं,” ती म्हणाली. “मान दुखली नाही.”

दुसऱ्या दिवशी तिने डॉक्टरांची वेळ रद्द केली आणि रजाही. पुढे हिशेब मांडला तेव्हा असं दिसलं, की त्या दिवशी कोवळ्या काळाचे पाच आठवडे शिल्लक होते.

निखतने ते पान सगळ्या वर्गाला दाखवलं. “हिला म्हणतात रचना,” ती म्हणाली. “काकूंनी माणसाला पानामागे धावायला लावलं नाही.” एस्तेरला इतकं कौतुक ऐकायची सवय नव्हती. ती पदराशी चाळा करत उभी राहिली. डिसेंबरपर्यंत तिच्याकडे तीन पानांची कामं आली होती आणि भिंगारदिवेकाकांच्या बेकरीत ओव्हन वाढला होता.

त्या नाताळला वसुधाची चिठ्ठी आली: ‘तुझा वर्ग संपला. आता ठसा बिघडला तरी चालेल. माझी नजर मला दाखव.’

पंचवीस तारखेला दुपारी वसुधा आली. एस्तेरच्या दारावर कागदी तारा लावलेला होता. दाराच्या तीन पायऱ्या वसुधा कठड्याला धरून, पायाने चाचपत चढली. हे गेले काही महिने असंच चाललं होतं आणि दोघींनी ते वयाच्या खाती टाकलं होतं.

“सलाम, वसू. आधी करंजी खा.”

“सलाम. आधी माझी वस्तू दे.”

एस्तेरने कपाटातून एक घडी काढली. तो मांजरपाटाचा लांब पट्टा होता, साबणाने धुऊन इस्त्री केलेला. त्यावर फिक्या राखाडी दोऱ्याने बेकरीचं पहिलं पान भरलेलं होतं, एकाशेजारी एक, बारा वेळा. प्रत्येक पानावर तांबड्या धावदोऱ्याने वसुधाची नजर काढली होती. जिथे डोळा उडी मारून गेला तिथे टाका, जिथे थांबला तिथे गाठ.

“स्क्रीनवर दाखवलं असतं तर दोन मिनिटांत संपलं असतं,” एस्तेर म्हणाली. “म्हटलं, विकत न मिळणारं काहीतरी हवं. आठ आठवडे लागले. डावीकडून जानेवारी.”

वसुधाने कापड दोन्ही हातांनी डोळ्यांसमोर उंच धरलं. हल्ली ती सगळंच तसं धरत असे. ती एकेक पान निरखत गेली. एस्तेरला वाटलं, काम आवडलं.

“टाके अंदाजाने घातलेस?” वसुधाने विचारलं.

“अंदाजाने? अगं, एका झेपेला एक टाका. नोंदीवरून मोजून.”

“सगळे ठसे याच पानावर चालवलेस? पान बदललं नाही?”

“हेच पान. मॅडमचा नियम.”

जानेवारीत तांबडा दोरा वरून तळाच्या बटणापर्यंत गेला होता. खाली उतरणारे टाके वर चढणाऱ्या टाक्यांपेक्षा जरा आखूड होते, एवढंच. मार्चमध्ये एका मोठ्या टाक्याच्या जागी चार लहान टाके होते. एप्रिलमध्ये दोरा यादीवर थांबला. जुलैनंतर तो भट्टीच्या फोटोखाली उतरलाच नव्हता. वरचा भाग गाठींनी गच्च भरला होता आणि तळाशी नुसतं पांढरं कापड होतं. बारा पानांवरून ती तांबडी कड जिना चढल्यासारखी वर वर गेली होती.

“खालचं सगळं रिकामं आहे,” वसुधा म्हणाली.

“मग? खाली बघत नाहीस तर मी काय तिथे मोर काढू? आळशी कुठली.” एस्तेर हसली. “म्हणून तर मी सगळं वर घेत गेले. हे बघ, तुझ्यामुळे—”

“एस्तू, बस इथे. माझ्यासमोर.”

एस्तेर बसली.

“डाव्या हाताने माझी हनुवटी धर. घट्ट. डोकं हलू द्यायचं नाही. आता उजव्या हाताचं बोट माझ्या नाकासमोर धर आणि वर ने.”

बोट वर गेलं, वसुधाचे डोळे वर गेले. बोट डावीकडे गेलं, उजवीकडे गेलं, डोळे मागोमाग गेले.

“आता खाली.”

एस्तेरने बोट सावकाश खाली आणलं. नाकाच्या शेंड्यापर्यंत डोळे थरथरत आले आणि तिथे अडले. बोट हनुवटीखाली गेलं. डोळे समोरच बघत राहिले, एस्तेरच्या कपाळाकडे.

“बघ ना खाली,” एस्तेर म्हणाली.

“बघतेय.”

“वसू, नाटकं करू नकोस. बघ खाली.”

“हनुवटी सोड,” वसुधा म्हणाली. “आता माझं डोकं धर आणि पटकन मागे कलव.” डोकं मागे कलताच बाहुल्या आपोआप खाली उतरल्या, अगदी सहज. एस्तेरने तसं सांगितलं. “म्हणजे डोळे चांगले आहेत,” वसुधा म्हणाली. “हुकूम पोहोचत नाहीये.” तिचा आवाज प्रयोगशाळेतल्यासारखाच होता. मग तिने कापड मांडीवर घेतलं आणि हाताने चाचपत एक-एक पान मोजलं. कारण मांडीवर काय आहे, ते तिला दिसत नव्हतं. “हा जून?”

“तो मे. पुढचा.”

तिचं बोट जूनवर आलं आणि तिथेच राहिलं. बाहेर चर्चच्या मंडळीतली पोरं नाताळची गाणी म्हणत गल्लीत शिरली होती. त्यांनी दार वाजवलं. एस्तेर उठली नाही.

पुण्याच्या डॉक्टरांनी दोन दिवस तपासण्या केल्या. औषधाचा उपयोग होणार नाही असं त्यांनी सांगितलं, आणि कापड बराच वेळ पाहत राहिले. इतकी सलग नोंद त्यांनी कधी बघितली नव्हती. जुलैच्या मध्यापर्यंत आला असता तर, असं ते म्हणाले आणि कापडाची घडी घालून त्यांनी ते परत दिलं.

परतताना गाडीत एस्तेर म्हणाली, “मी बटण वर नेलं.”

“तू चांगलं पान केलंस. चांगल्या पानाने जे करायचं असतं तेच त्याने केलं.”

“मला एकदा तुला विचारायला काय झालं होतं? ‘वसू, तू खाली का बघत नाहीस?’ एवढंच. एक वाक्य.”

“मीच बजावलं होतं, काही सांगायचं नाही म्हणून.”

शिरूर मागे पडलं. एस्तेरने विचारलं, “मी हाताने केलं ते यंत्र रोज करतं ना? सगळ्यांसाठी?”

वसुधा खिडकीबाहेर बघत होती, आणि तिला रस्ता दिसत नव्हता, फक्त झाडांचे शेंडे दिसत होते.

“चाळीसाचे सहा झाले,” ती म्हणाली. “आम्हाला वाटलं आजार कमी झाला.”

दुसऱ्या आठवड्यात तिने वेगवेगळ्या रुग्णालयांतून आकडे मागवले. पडून हाड मोडल्यावर, घास अडकल्यावर, म्हणजे फार उशिरा कळलेले रुग्ण दुसऱ्या विभागात नोंदले जात. तिने ते आकडे कधी पाहिले नव्हते. ते कमी झाले नव्हते, वाढले होते. आजार होता तेवढाच होता, तक्रार नाहीशी झाली होती. लोकांची नजर खाली जायची थांबली तशी त्यांची पानं रोज थोडी वर सरकत गेली होती, आणि शेवटपर्यंत त्यांना सगळं सापडत होतं. वसुधाने जुळवणी चालवणाऱ्या तीन कंपन्यांना पत्र लिहिलं, कुणाचं पान किती सरकलं याची नोंद तुमच्याकडे असणार, ती त्या माणसाला दाखवा. एकीचं उत्तर आलं. आपल्या ग्राहकांची कोणतीही गैरसोय झाल्याचं आढळलेलं नाही, असं त्यात होतं.

एस्तेरने आपल्या फोनवरची जुळवणी बंद केली. पान हिसका बसल्यासारखं हललं आणि वेगळंच होऊन समोर आलं. उपासनेतल्या गीतांची यादी शोधायला तिला बराच वेळ लागला. पान मुळातच वाईट होतं, की तिचंच काहीतरी इतकी वर्षं कुणी सांभाळून घेत होतं, हे तिला ठरवता येईना. वहीच्या पहिल्या पानावरचं हिरवं वाक्य तिने खोडलं नाही. त्यापुढे काय लिहावं, हे तिला सुचलं नाही.

जानेवारीच्या शेवटच्या रविवारी वसुधा आली, आता काठी घेऊन. जेवताना एस्तेरने तिचं ताट उंच पाटावर ठेवलं होतं. जेवण झाल्यावर वसुधाने पर्समधून एक चिठ्ठी काढली.

“नाताळला अकरा महिने आहेत,” एस्तेर म्हणाली.

“तोवर मला लिहिता येईल की नाही, सांगता येत नाही. घे.”

अक्षरं ओळ सोडून वर चढत गेली होती. एस्तेरने वाचलं: ‘बटण खाली ठेव.’

“तुला सापडणार नाही.”

“तेच तर.” वसुधा चष्मा काढून पुसत होती. “तुझ्या पानावर मला सगळं सापडतं. इतकं सापडतं की मी बरी आहे असं मला अजून वाटतं. काल प्रयोगशाळेत जिन्यावरून पडता पडता राहिले, आणि येऊन तुझ्या पानावर तासभर मजेत वाचत बसले. एस्तू, माझं काय काय जातंय ते मला कळू दे. ते कळायचं तरी माझ्याकडे राहू दे.”

“मी नाही करणार.”

“पस्तीस वर्षांत चिठ्ठी परत केलीस कधी?”

एस्तेरने स्क्रीन वसुधासमोर ठेवला आणि जानेवारीतलं पहिलं पान उघडलं. वर नाव, भट्टीचा फोटो, पाव, नानखटाई, केक. बटण तिने तळाशीच राहू दिलं, जिथे सरासरी माणसाला ते अडीच सेकंदांत सापडे. मग ती बाजूला सरकून बसली.

वसुधाने मान ताठ ठेवली. तिने नाव वाचलं, भट्टी बघितली, आणि तिचे डोळे तिथे थांबले. ते डावीकडे गेले, उजवीकडे गेले, पुन्हा भट्टीवर आले. तिच्या कपाळावर घाम आला होता. एस्तेरचा हात एकदा पुढे झाला. तिने तो मागे घेऊन मांडीवर दुसऱ्या हाताखाली दाबून धरला.

“आहे ना गं तिथे?” बऱ्याच वेळाने वसुधाने विचारलं.

“आहे.”

“मग राहू दे. मी बघते.”